आठशे फुटांचा हवापालट

वैशाखाच्या उन्हाने पुण्याच्या पेठा भाजून निघू लागल्या, म्हणजे आमच्या मित्रमंडळात दरसाल एक विकार उद्भवतो आणि त्याची लक्षणे प्रथम खजिनदारांच्या ठायी दिसू लागतात. एरवी मंडळाच्या चहाचे पैसे वसूल करण्यापलीकडे ज्यांच्या अधिकाराची मजल जात नाही, असे हे गृहस्थ एके सायंकाळी अकस्मात लाल बांधणीची वही काखोटीला मारून येतात, कोऱ्या पानावर ‘श्री’ काढतात आणि ‘यंदा मुक्काम कोठे?’ असा सवाल टाकतात. यंदाचा मुक्काम माथेरानास करावा अशी दरखास्त वकीलसाहेबांनी मांडली, मास्तरांनी तिला अनुमोदन दिले आणि डॉक्टर त्या वेळी पेंगत असल्यामुळे ती एकमताने संमत झाली.

आता पुणेकराने थंड हवेसाठी माथेरानास जाणे हा व्यवहार मुळातच किती आतबट्ट्याचा आहे, हे खजिनदारांनी घाट उतरता उतरताच सप्रमाण सिद्ध केले. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे १८०० फुटांवर. तेथून निघून आपण बोरघाट उतरतो, नेरळच्या भट्टीत जवळजवळ समुद्राच्या पातळीस येऊन ठेपतो, आणि मग दुसऱ्या गाडीत बसून पुन्हा २६०० फुटांवर चढतो. म्हणजे जी उंची केवळ वडिलार्जित हक्काने घरबसल्या आपल्या पदरी होती ती तिकीट काढून घालवावयाची, तीच दुसरे तिकीट काढून परत विकत घ्यावयाची, आणि एवढ्या उलाढालीत निव्वळ नफा काय, तर आठशे फूट! दर फुटास पडणारा खर्च त्यांनी पैपर्यंत काढला, तेव्हा डॉक्टरांनी एवढेच सुचविले की, यातले काही फूट पर्वती चढून फुकट मिळाले असते. परंतु ही सूचना गाडी सुटल्यानंतर आली असल्यामुळे वकीलसाहेबांनी ती मुदतबाह्य म्हणून फेटाळली.

नेरळास मोठी गाडी सोडून आम्ही छोट्या गाडीत शिरलो. रुळांमधील अंतर अवघे दोन फूट. इंजिन असे की त्यास अरे-तुरे करावेसे वाटावे. सर आदमजी पीरभॉय यांनी द्रव्य पुरविले, त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी डोंगर कोरून हा मार्ग बांधला, आणि १९०७ साली तो खुला झाला. या कामी सुमारे सोळा लाख रुपये खर्ची पडले असे मास्तरांनी सांगताच खजिनदारांनी खिडकीबाहेर पाहून टोपी सारखी केली. आजवर देवळासमोर देखील त्यांनी एवढा आदर दाखविलेला मला स्मरत नाही. जेमतेम तेरा मैलांचा प्रवास, पण वळणे इतकी की गाडी पुढे चालली आहे की मागे, याविषयी प्रवाशांत प्रामाणिक मतभेद संभवावा. चपळ मंडळी मध्येच खाली उतरून चार पावले गाडीबरोबर चालतात आणि पुन्हा चढतात. वकीलसाहेबांनाही तो मोह झाला होता, परंतु त्यांच्या देहाचा विस्तार आणि डब्याच्या दाराची रुंदी यांचा तहनामा होण्यातच ते वळण निघून गेले.

या मार्गावर बोगदा एकच, आणि त्याच्या अंधारात एका चुंबनापुरतीच सवड मिळते या हिशेबाने साहेबलोकांनी त्याचे नाव ‘वन किस टनेल’ असे ठेविले आहे. आमच्या डब्यात पाच प्रौढ पुरुष, एक वळकटी आणि मास्तरांच्या मंडळींनी दिलेला बेसनाच्या लाडवांचा डबा एवढाच सरंजाम असल्यामुळे त्या सवडीचा शास्त्रोक्त उपयोग होण्यासारखा नव्हता. तरीही गाडी उजेडात येताच डब्याचे झाकण किंचित कलते झालेले आणि दोन लाडू नाहीसे झालेले आढळले. वकीलसाहेबांनी जागच्या जागी जाबजबाब सुरू केले. डॉक्टरांच्या मिशीच्या उजव्या टोकाशी पिवळा कण स्पष्ट दिसत होता. परंतु आरोपीने सकाळी झुणका खाल्ला होता, आणि झुणक्याचे बेसन कोणते व लाडवाचे कोणते हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही, असा बिनतोड युक्तिवाद वकीलसाहेबांनीच आरोपीच्या वतीने केला आणि त्या वकिलीचा मेहनताना म्हणून तिसरा लाडू उचलला. फिर्यादी म्हणून मास्तरांच्या वाट्यास रिकामी होत चाललेली जागा तेवढी आली.

माथेरानात मोटारीस मज्जाव आहे. माणसाने पायी चालावे, घोड्यावर बसावे, नाहीतर दुसऱ्या माणसाने ओढलेल्या रिक्षात बसून ओशाळावे, अशी तेव्हा रीत होती. तांबड्या मातीचा महिमा असा की पहिल्याच फेरीत आमच्या धोतरांचे काठ, वहाणा आणि पोटऱ्या एकाच रंगाच्या झाल्या, आणि कोणत्याही साबणास ती माती दाद देईना. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेटसाहेब चौकच्या बाजूने येथे चढून आले आणि त्यांनी माथेरानचा ‘शोध लाविला’, असे पुस्तकांतून छापलेले असते; त्याआधी ठाकर, कातकरी आणि धनगर या डोंगरात वावरत होतेच, परंतु त्यांच्यापाशी दप्तर नसल्यामुळे तो शोध त्यांच्या नावे दाखल झाला नाही. सरकारी फिरतीवर निघालेल्या अंमलदारास मे महिन्यात नेमकी थंड जागाच सापडावी, यात मात्र मला अचंबा वाटत नाही.

लुईझा पॉइंटवर मास्तर समोरच्या प्रबळगडाचे वर्णन करू लागले, तोच वकीलसाहेबांनी तो राजमाची आहे असा पुकारा केला. त्यांचा तसा समज होता असे नव्हे. दुसरी बाजू कोणी घेत नाही हे त्यांना पाहवत नाही, इतकेच. हा वाद आम्ही जेवणात, वामकुक्षीत आणि झाडांच्या दाट सावलीतून चालताना बरोबर वागविला, आणि अखेर तो एको पॉइंटवर निकालास निघाला. वकीलसाहेबांनी दरीकडे तोंड करून आरोळी ठोकली, ‘तो राजमाचीच आहे!’ दरीतून उत्तर आले, ‘आहे... आहे!’ ‘त्रयस्थ साक्षीदार,’ वकीलसाहेब समाधानाने म्हणाले. मास्तर संतापले. तीस वर्षे वर्गावर कमावलेला आवाज लावून ते ओरडले, ‘तो राजमाची नाहीच!’ आणि त्या विश्वासघातकी दरीने शांतपणे सांगितले, ‘हीच... हीच!’

मास्तर परतीच्या वाटेवर कोणाशीही बोलले नाहीत.

अशा वातावरणात माकडाचा उपद्रव झाला. बाजाराजवळच्या एका बाकावर खजिनदार वही मांडीवर उघडून चिक्कीचा खर्च मांडीत असता, वरच्या जांभळीवरून एक दांडगे माकड उतरले, चिक्कीस स्पर्शही न करता त्याने वही उचलली आणि ते पुन्हा फांदीवर जाऊन बसले. तेथे त्याने पानामागून पान इतक्या लक्षपूर्वक उलटले की, आमच्या मंडळाचा जमाखर्च आद्यंत पाहणारा हा पहिलाच सभासद, असे डॉक्टर म्हणाले. एका पानाशी ते बराच वेळ थांबले. नंतर ते पान त्याने फाडले, चावून पाहिले, तोंड वाईट केले आणि वही खाली टाकून दिली. नाहीसे झालेले पान नेमके वर्गणीच्या बाकीचे होते. खजिनदारांनी एका घोडेवाल्यास पंच नेमून रीतसर पंचनामा केला खरा, परंतु बाकी कोणाकडे किती, या मुद्द्यावर आम्हा सर्वांच्या स्मरणशक्तीने विलक्षण एकवाक्यता दाखविली. वकीलसाहेब आणि मास्तर यांचे त्या प्रवासात प्रथमच एकमत झाले. ‘अहो, मी तर चैत्रातच दिले,’ मास्तर म्हणाले, आणि वकीलसाहेबांनी ‘माझ्यादेखत!’ अशी जोड दिली. डोंगरावर रात्री गारवा चांगला असतो. एकट्या खजिनदारांना तेवढी झोप लागली नाही.

परतताना कर्जतास घाट चढण्यासाठी गाडीला मागून इंजिने जोडीत होती. वहीत सहा आणे शिल्लक होती. ती पुढील सालास ओढावी असे खजिनदारांचे म्हणणे, तर फलाटावर बटाटेवडे तळले जात असताना शिल्लक ठेवणे हा अन्नाचा अपमान होय असे वकीलसाहेबांचे. मतदानाची भाषा निघाली तेव्हा डॉक्टर जागेवर नाहीत असे आढळून आले. गाडीने शिटी दिली, धक्का बसला, आणि कागदाची गरम पुडी छातीशी धरून डॉक्टर धापा टाकीत डब्यात शिरले. त्यांच्या मागोमाग खिडकीशी धावत वडेवाला पैसे मागत होता. ‘मंडळाच्या खात्यावर,’ असे म्हणून डॉक्टरांनी खजिनदारांकडे बोट केले. खजिनदारांनी एका हाताने सहा आणे मुठीत घट्ट धरले, दुसरा हात खिडकीबाहेर काढला आणि वेग घेणाऱ्या गाडीतून त्या धावत्या वडेवाल्याकडे पावती मागितली.