सायलेन्सरग्रस्त

पूरग्रस्त, धरणग्रस्त, प्रकल्पग्रस्त यांची सरकारदरबारी नोंद होते. सायलेन्सरग्रस्ताची होत नाही, आणि झाली तरी तो नुकसानभरपाई नाकारेल, कारण भरपाई घेतली की तक्रार संपते. दहा-बारा वर्षांची मोटार, मालकाचे वय पंचावन्नच्या पुढे, आणि 'गाडी काय म्हणते?' या प्रश्नाला 'मजेत' असे उत्तर देण्याची साफ असमर्थता, या त्याच्या ओळखीच्या खुणा. प्रत्येक सोसायटीत असा एक असतोच. सकाळी पावणेसातला तो पार्किंगमध्ये ओणवा होऊन, एक गाल जवळजवळ फरशीला टेकवून, गाडीच्या पोटाखाली बघत असतो. नवीन वॉचमन पहिल्या दिवशी पाणी घेऊन धावतो. दुसऱ्या दिवशी धावत नाही.

इंजिनात जळालेला वायू मॅनिफोल्डमधून निघतो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये कमी विषारी होतो, लांब पाइपातून सायलेन्सरमध्ये शिरतो आणि टेलपाइपातून जगात येतो. सायलेन्सरच्या पोटात भोके पाडलेल्या नळ्या आणि कप्पे असतात. आवाजाच्या लाटा त्यांत एकमेकींना छेदून विरून जातात. हा सगळा संसार गाडीखाली चार-सहा रबरांना लटकलेला असतो. गाडीला असा काही भाग आहे, हे बहुतेकांना तो एखाद्या स्पीडब्रेकरवर गळून पडल्यावर कळते. सायलेन्सरग्रस्ताला त्याच्या तीन वर्षे आधी कळते.

कळते ते आवाजावरून, आणि तो आवाज तोंडाने काढून दाखवल्याशिवाय त्याला राहवत नाही. कोथरूडमधला एक नमुना या बाबतीत अभ्यासण्यासारखा आहे. त्याच्या गाडीचा आवाज 'भुर्रर्र-टक्' असा. आधी घसा खाकरायचा, ओठ सैल सोडून भुर्रर्र करायचे, मग जीभ टाळ्याला चिकटवून टक्. ऐकणारा भुर्रर्रलाच मान डोलावू लागला तर त्याला हाताने थांबवले जाते. "भुर्रर्र सगळ्यांच्याच गाडीला असतं हो. टक् ऐका, टक्!"

एका लग्नात मठ्ठ्याचा ग्लास हातात असताना हे प्रात्यक्षिक झाले आणि रांगेतल्या पुढच्या बाईंचा शालू पाठीकडून शिंपला गेला. एका घरी सांत्वनाला गेल्यावर कोणीतरी रिवाजाप्रमाणे विचारले, "यायला त्रास नाही ना झाला?" उत्तरादाखल भुर्रर्र-टक्. त्या तेरा दिवसांत आपण हसलो ते तेवढे एकदाच, असे त्या घरच्या थोरल्या मुलाने नंतर सांगितले. न्यू जर्सीतल्या चिरंजिवांना व्हिडिओ कॉलवर तीनदा आवाज ऐकवण्यात आला. तिन्ही वेळा "बाबा, तुमचं नेट तुटतंय" असे म्हणून वायफाय बंद-चालू करायला लावण्यात आले. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांपुढे तर गैरसमज पूर्णत्वाला गेला. हे गेले होते कानासाठी, बोलले गाडीबद्दल. "आवाज कधीपासून?" "थंडी पडल्यापासून. सकाळी उठल्या उठल्या असतो, गरम झालं की जातो." डॉक्टरांनी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या लिहून दिल्या.

टक् सोडून त्याच्या इतर तक्रारी किरकोळ आहेत. टेलपाइपातून पाणी ठिबकते, ही त्यातली एक. एक लिटर पेट्रोल जळताना जवळजवळ लिटरभर पाणी तयार होते. इंजिन तापलेले असेल तर ते वाफ होऊन निघून जाते. भाजी आणायला अर्धा किलोमीटर गाडी काढणाऱ्याचा पाइप मात्र कधी नीट तापतच नाही. पाणी आत साचते आणि पत्रा आतूनच सडतो. म्हणजे सायलेन्सरची इतकी काळजी की गाडी लांब न्यायची नाही, आणि लांब न नेल्यामुळेच सायलेन्सर सडायचा. मुंबईला किंवा कोकणात खारी हवा बाहेरूनही मदत करते.

धुराचे रंग त्याला पाठ असतात: काळा म्हणजे इंधन जास्त, निळा म्हणजे ऑइल जळते आहे, पांढरा आणि गोडसर वासाचा म्हणजे कूलंट इंजिनात शिरते आहे. डिसेंबरच्या पहाटे प्रत्येक गाडीतून निघणारा पांढरा धूर निव्वळ वाफ असतो, हेही त्याला ठाऊक असते. तरी वाकून हुंगल्याशिवाय चैन पडत नाही. सडक्या अंड्याचा वास आला तर संशय कन्व्हर्टरवर. १९९५च्या एप्रिलपासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. तोवर या माणसाला चिंता करायला नुसता पत्रा होता. नंतर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम मिळाले. हे धातू आपल्या गाडीखाली उघड्यावर लटकत आहेत, हे समजल्यापासून तो रात्री एकदा गॅलरीत येऊन जातो.

पेट्रोलपंपाच्या कडेला उभ्या असलेल्या व्हॅनमधून मिळणारा पीयूसीचा कागद शेवटपर्यंत वाचणारा हा भारतातला बहुधा एकमेव नागरिक. बाकीचे लोक तारीख बघतात आणि कप्प्यात कोंबतात. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनंतर दंड १०,००० रुपयांपर्यंत गेल्याने तेवढे तरी करतात. त्याच्या गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के. आकडा ०.०२ वरून ०.०५ वर गेला, तेव्हा त्याने घरी "अडीचपट!" एवढेच सांगितले आणि पानावरून उठला.

डिझेलवाला ही या कुळातली अलीकडची शाखा. २०२० साली प्रदूषणाचे बीएस-सहा निकष आल्यावर डिझेल गाड्यांना काजळी धरणारा फिल्टर बसला. काजळी जाळून टाकायला त्यात सहाशे अंशांच्या घरातली उष्णता लागते आणि ती मिळायला मोकळ्या रस्त्यावर सलग दामटावे लागते. सिंहगड रोडच्या गर्दीत ते घडत नाही, डॅशबोर्डवर दिवा लागतो. मग रविवारी कुटुंबासह शिरवळपर्यंत 'फिल्टर जाळायला' जायचे. बायको-मुलांना भजी आणि कणीस मिळते ते या दिव्याच्या कृपेने. दिवा लागावा म्हणून घरात मनोमन प्रार्थना चालते.

याउलट, सायलेन्सरची आतली जाळी मुद्दाम काढून मध्यरात्री बुलेट फिरवणारा तरुण हा निराळा प्राणी आहे. अशा गाड्यांचे जप्त केलेले सायलेन्सर महाराष्ट्रात अनेक शहरांच्या पोलिसांनी रोडरोलरखाली घातले आहेत. ते दृश्य बातम्यांत पाहून टाळी वाजवणारा आणि त्याच क्षणी 'पत्रा काय जाड होता' म्हणून हळहळणारा एकच माणूस असू शकतो.

सायलेन्सरग्रस्त आणि मेकॅनिक यांचे नाते मात्र दुःखाचे. कोथरूडहून नाना पेठेत पोहोचायला पाऊण तास लागतो, आणि गॅरेजच्या दारात गाडी गरीब गायीसारखी उभी राहते. भुर्रर्र असते, टक् नसते. "काका, गाडी मक्खन आहे. पेट्रोल टाका आणि फिरवा." काका हलत नाहीत. शेवटी मेकॅनिक 'समाधानासाठी' एखादे रबर बदलतो. अशी समाधानाची रबरे तीन वर्षांत नऊ झाली. गाडीला लागतात पाच. गॅरेजमधली पोरे काकांच्या पाठीमागे भुर्रर्र-टक् करू लागली. त्यांचे नाव पडले 'टक् काका'.

पुढे क्लच प्लेट बदलायला म्हणून गाडी रात्रभर गॅरेजमध्ये राहिली. सकाळी मेकॅनिकने चावी फिरवली आणि तो तसाच थांबला. टक्-टक्-टक्. मॅनिफोल्ड जिथे इंजिनाला चिकटतो, तिथला एक बोल्ट तुटलेला होता आणि पॅकिंगमध्ये केसाएवढी फट होती. थंड असताना वायू त्या फटीतून टक्कन बाहेर पडे. तीन-चार मिनिटांत लोखंड तापून फुगे आणि फट मिटे. म्हणजे या तक्रारीची हद्द कोथरूडच्या पार्किंगपुरती आणि वेळ सकाळच्या पहिल्या चार मिनिटांची. नाना पेठेत ती कधी पोहोचणारच नव्हती. डॉक्टरांपुढे त्या गृहस्थाने निदान अक्षरशः सांगितले होते. फक्त डॉक्टर चुकीचे होते.

मेकॅनिकने फोन केला. "काका, टक् आलं." पलीकडे बराच वेळ शांतता. मग प्रश्न आला, "भुर्रर्रच्या आधी की नंतर?"

त्या दिवशी 'मी सांगत नव्हतो?' हे वाक्य काकांच्या तोंडून निघाले नाही, ही नोंद त्यांच्या बाजूने करावी लागते. ते गॅरेजच्या पोरांसाठी वडे घेऊन आले. तोंडाने काढलेले त्यांचे टक् मूळ टक्शी तंतोतंत जुळत होते, हे मेकॅनिकने चारचौघांत कबूल केले आणि पोरांनी पुन्हा एकदा काढायला लावले. आता पाठीमागे नाही, समोर. एका यंत्राचे म्हणणे इतक्या निष्ठेने ऐकून घेणारा माणूस मिळणे कठीण. माणसांचेही इतके ऐकले असते तर, असे त्याच्या घरच्यांचे मत आहे. तेही नोंदवणे भाग आहे.

त्याच वेळी सडलेला सायलेन्सरही बदलला गेला, त्यामुळे भुर्रर्रही गेले. अडचण त्यानंतर सुरू झाली. वॉचमन फाटक उघडेना. त्याला हॉर्न द्यावा लागला. वर बेल वाजवली तर बायकोने दार उघडून आश्चर्याने विचारले, "आलात? आवाज नाही आला." गल्लीच्या तोंडाशी भुर्रर्र ऐकू आले की ती चहाचे आधण ठेवत असे, आणि हे जिना चढून येईपर्यंत चहा गाळून तयार असे. बारा वर्षे हा हिशेब चुकला नव्हता. ती आवाजाला चहाशी जोडून बसली होती, हे दोघांनाही त्या संध्याकाळी, कोरड्या टेबलापाशी, पहिल्यांदाच कळले.

हल्ली तो इंजिन बंद केल्यावर लगेच उतरत नाही. काच खाली करून बसतो. गाडीखालून बारीक आवाज येतो, टिक्... टिक्... तापलेला पाइप निवताना आकसतो, त्याचा हा आवाज; प्रत्येक गाडीचा येतो, त्यात दुरुस्त करण्यासारखे काही नाही. मेकॅनिकने हे फोनवर दोनदा समजावले आहे आणि त्याला ते पटलेही आहे. टिकटिक थांबायला सहा-सात मिनिटे लागतात. तेवढ्यात वर फोन वाजतो: "आलोय. टिक् चाललंय. संपलं की येतो." आधण ठेवायला तेवढा वेळ पुरतो.