अंगावरचा शर्ट

साजगावात जुना शर्ट विकत मिळत नाही. कार्तिकी एकादशीला ताकईच्या विठोबाची यात्रा भरते आणि पंधरवडाभर पाय ठेवायला जागा नसते. तेव्हा इथे सुके बोंबील मिळतात, घोंगड्या मिळतात, मिठाई मिळते, आकाशपाळण्यात बसून मनसोक्त ओरडायची सोय होते. खुद्द तुकोबा इकडे मिरच्या विकायला यायचे अशी आख्यायिका आहे. पण कुणी अंगातला सदरा काढून कुणाला विकला, असं काही ऐकिवात नाही. जुना कपडा इथे दिला जातो, मागून नेला जातो, गोधडीत जातो, शेवटी सायकल पुसतो. पैसे मोजून तो घ्यायचा ही कल्पना पुण्याहून आली, माझ्या पुतणीबरोबर.

दिवाळीला आलेली पुतणी यात्रेपर्यंत राहिली. तिच्या अंगात पुण्याच्या जुन्या बाजारात मिळालेली एक ढगळ पँट होती, आमच्या आजोबांना बसली असती अशी. किंमत ऐकून मी गप्प झालो. तेवढ्यात माझा लग्नातला सफारी शिलाईसकट झाला होता. "काका, एक आठवडा नवीन काही घालायचं नाही. फक्त जुनं, आणि तेही दुसऱ्याचं," तिने फर्मान काढलं. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "जुनं तर ते रोजच घालतात. दुसऱ्याचं तेवढं बघ."

खरं तर त्यातही नवलाई नव्हती. मी भावंडांत मधला. थोरल्याची पँट माझ्याकडे यायची तेव्हा तिच्या गुडघ्यांना थोरल्याच्या गुडघ्यांचा आकार आलेला असायचा. खालची दुमड दरवर्षी थोडी उलगडायची आणि मागच्या वर्षीची फिकी रेघ पोटरीवर मिरवायची. पुतणीच्या भाषेत माझं अख्खं बालपण व्हिंटेज होतं. तेव्हा कुणी फोटो काढला नाही एवढंच.

माळ्यावर थोरल्या काकांची ट्रंक होती. काका लालबागच्या खोलीत राहायचे, गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि काका ही ट्रंक घेऊन गावी आले ते कायमचेच. उघडल्यावर आधी डांबरगोळ्यांचा वास आला, मग एक पिस्ता रंगाचा टेरिकॉटचा शर्ट. डॉग कॉलर, दोन्ही खांद्यांकडे उडायच्या तयारीत. मी तो उजेडात उलटा करून बघितला. शिवणीत बोटभर माया सोडलेली, म्हणजे माणूस सुटला तरी शर्ट सांभाळून घेईल. प्रत्येक बटणाखाली दोऱ्याचे वेढे देऊन छोटासा देठ काढलेला. चाळीसेक वर्षांत एक बटण हललं नव्हतं. हल्लीच्या तयार शर्टाची बटणं पहिल्या धुण्यातच रजा मागतात, आणि माया म्हणाल तर कंपनी सुताएवढीही सोडत नाही.

तो शर्ट घालून ताकईला निघालो आणि लक्षात आलं, की रस्त्यात लोक मला भेटत नाहीयेत, शर्टाला भेटताहेत. "अगं बाई, भावजींचा शर्ट!" एका आजींनी पदर डोळ्यांना लावला. देवळाच्या अलीकडे एका म्हाताऱ्याने माझी बाही चिमटीत धरली, कापड चोळून बघितलं आणि म्हणाला, "ह्यो शर्ट घालून मी पोरगी बघाया गेल्तो." मग उलगडा झाला. काका यात्रेला गावी आले की तो शर्ट लग्नाळू पोरांत फिरायचा. एक जण पनवेलकडे जाऊन आला, दुसरा पेणला. निदान दोन लग्नं त्या शर्टावर जमली असावीत. मुलीकडच्यांनी एकाच महिन्यात दोन मुलगे एकाच शर्टात बघितल्याचीही एक गोष्ट आहे, पण ती सांगणारा यात्रेत भेटलेला असल्यामुळे ती सोडून देऊ. टेरिकॉटमध्ये घाम मात्र मुरत नाही, आतल्या आत फिरत राहतो. बघायला जाणाऱ्या मुलांची त्या काळी काय अवस्था होत असेल, ते मला ताकईच्या चढावर कळलं.

पुतणी नाराज. "हे घरचंच झालं. अनोळखी कपडा पाहिजे." म्हणून शुक्रवारी पहाटेची खोपोली लोकल धरून भायखळा. शुक्रवारी चोर बाजारात मटण स्ट्रीटवरची जुन्या वस्तूंची दुकानं बंद असतात आणि रस्त्यावर बाजार मांडला जातो: चपला, घड्याळं, मिक्सरची भांडी आणि चादरीवर कपड्यांचे ढीग. पुतणी ढिगात कोपरापर्यंत शिरली. मी बाजूला उभा राहून, कुणी ओळखीचं दिसत नाही ना, एवढं बघत होतो. तिने एक तपकिरी कॉर्डरॉयचा कोट उपसून काढला. कॉलरच्या आत बिब्ब्याने घातलेली धोब्याची खूण होती, एक अक्षर आणि दोन ठिपके. मालकाची तेवढीच ओळख. एकेकाळी पोलिस बेवारस प्रेताचा माग अशा खुणांवरून काढायचे, हे मला नेमकं तिथेच आठवायला नको होतं.

घरी ही दारातच म्हणाली, "मेलेल्याचा नाही ना?" विकणाऱ्याने अर्थातच सांगितलं नव्हतं. कोटावरून मीठ-मोहऱ्या ओवाळल्या गेल्या आणि तो दिवसभर उन्हात लटकला. मला या चिकित्सेची गंमत वाटते. आमच्याकडे नवजात बाळाला पहिल्यांदा कोरं घालत नाहीत, कुणाच्या तरी धडधाकट पोराचं वापरलेलं झबलं मागून आणतात आणि आजीच्या विरलेल्या लुगड्याच्या दुपट्यात गुंडाळतात. कोरं कापड मिळतं ते जाताना. कोल्हापूरच्या अंबाबाईला आलेली साडी विकत मिळाली तर बायका डोळ्याला लावून नेसतात. म्हणजे आधी कुणाच्या अंगावर होतं याला हरकत नाही. कोण होतं ते माहीत हवं. परदेशी लोकरीचे जुने कपडे गासड्यांनी पानिपतला जातात, तिथे त्यांच्या चिंध्या करून, पिंजून सूत काढतात आणि त्याची ब्लँकेटं होतात. ते खरंखुरं पानिपत झाल्यावर मात्र ब्लँकेट पांघरताना कुणी पूर्वीच्या मालकाची चौकशी करत नाही.

गावाला तो कोट ओळखता येईना, आणि गावाला हे सोसत नाही. दुसऱ्या दिवशी निरनिराळ्या बातम्या कानावर आल्या. एक म्हणे, जावयाने दुबईहून पाठवला. (मला जावई नाही.) दुबईत कॉर्डरॉयचा कोट कशाला लागतो, हे कुणी विचारलं नाही. दुसरा ठामपणे म्हणाला, "चौकजवळच्या एन. डी. स्टुडिओत शूटिंग संपलं की विकतात." तिसऱ्याने मला थेट विचारलं, "कुठल्या पिक्चरमध्ये होता?" कोटाबद्दल विचारत होता की माझ्याबद्दल, कळलं नाही. मी तो घालून सुक्या मासळीच्या बाजारातून दोन फेऱ्या मारल्या. कॉर्डरॉयच्या प्रत्येक चरीत बोंबील बसला. ते एकदाचं झाल्यावर कोटाची चौकशी थांबली.

आठवडा संपता संपता बोहारीण आली. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची टोपली, पाठीवर गाठोडं. हिने दोन पँटी काढल्या. बाईने पँट उन्हाकडे धरून बसायची जागा बघितली, चेन वर-खाली केली, खिसे उलटे केले. पन्नाशीच्या माणसाच्या बैठकीचा असा जाहीर पंचनामा होताना तो माणूस समोर नसावा. मी विषय बदलायला म्हटलं, "तुमच्या गाठोड्यात काय आहे, दाखवा की जरा."

"दादा, भांडी बघा ना. कापडं काय बघता?"

"चांगलं असेल तर घेईन विकत."

तिने हिच्याकडे सहानुभूतीने पाहिलं. मग माझ्या अंगातल्या पिस्ता शर्टाची कॉलर दोन बोटांत धरली. "ह्याचं देताय?"

"काय देशील?" ही.

"चहाची गाळणी."

"गाळणी? टेरिकॉट आहे, बाई. घालणारा थकेल पण हा फाटणार नाही. पातेलं काढ."

"कॉलर बघा ना केवढी. गॅरेजवाला बी नाय घ्यायचा."

कॉलर तिच्या हातात असल्यामुळे मला मान वळवता येत नव्हती. बोलणी गाळणीवरून वाटीवर, वाटीवरून झाकणाच्या डब्यावर आली. तेवढ्यात पुतणी बाहेर धावली. "काकू, वेडी आहेस का?" असं म्हणत तिने असल्या शर्टाचा पुण्यातला भाव सांगितला.

बोहारणीने कॉलर सोडली. टोपली खाली ठेवली, गाठोड्याची गाठ सोडली आणि म्हणाली, "ताई, पत्ता द्या तिथला."