पुजलेली टेप

देवघरात रेशमी फडक्यात बांधलेली पोथी असते ना, तशी आमच्या हुबळीच्या कचेरीत एक टेप होती. शनिवारची. हाताच्या पंजाएवढी, जाडजूड, पाठीला ॲल्युमिनियमचा पत्रा, पोटात दीडशे मेगाबाइट. खंडेनवमीला टंकयंत्र, तिजोरी आणि कुलपांच्या जोडीनं तिलाही हळदकुंकू लागायचं, झेंडूचं फूल वाहिलं जायचं, आणि ती परत गोदरेजच्या कपाटात. पोथीसारखीच तीही कुणी कधी वाचली नव्हती.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. दुर्गदबैलच्या खाऊगर्दीतून आत वळलं की एका माडीवर ती पतसंस्था होती. नाव कशाला सांगू? घोटाळ्यात अर्धा वाटा माझाच होता. काचेच्या खोलीत एससीओ युनिक्सचा सर्व्हर, बाहेर सहा टर्मिनल, काळ्यावर हिरवी अक्षरं. मी धारवाडहून आठवड्यातून दोनदा ‘सिस्टिम बघायला’ जायचो. म्हणजे खरोखरच बघायला; ती चालायची, मी बघायचो.

दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. गुरुवारी सकाळी शेजाऱ्यांकडे फोन आला, “रात्री दोनदा लाइट गेली, मशीन उठेना झालंय.” तसाच बसमध्ये चढलो.

युनिक्स असा अवेळी आडवा झाला, की उठताना एफएससीके नावाचा तपासनीस येतो. पाच टप्प्यांत घराची झडती घेतो आणि जिथं अडेल तिथं विचारतो. हे पुसू का? हे पुन्हा जोडू का? उत्तर ‘वाय’ नाहीतर ‘एन’. पहिल्या पाच-सहा प्रश्नांना मी विचारपूर्वक उत्तरं दिली. पुढं भटजींनी ‘मम म्हणा’ म्हणावं आणि यजमानानं म्हणत सुटावं, तसं वाय, वाय, वाय. ज्या फायलींचा मजकूर सापडतो पण नावगाव लागत नाही, त्यांना तो ‘लॉस्ट अँड फाउंड’ नावाच्या कोठीत नुसत्या क्रमांकानं बसवून ठेवतो. सिद्धारूढांच्या जत्रेत लाउडस्पीकरच्या मांडवात पोरं बसवलेली असतात तशी. पोर धडधाकट, पण बापाचं नाव विचारलं की भोकाड.

कोठी भरत चालली आणि डिस्कमधून टक्‌टक्‌ ऐकू यायला लागली. डिस्क अशी दार वाजवू लागली की समजावं, ती आत यायला नाही, जायला निघालीय.

दुपारी नवी डिस्क आली. बूट आणि रूट अशा दोन फ्लॉप्यांवर मशीन कसंबसं बसतं केलं, डिस्कचे वाटे पाडले. शिपाई दर दहा मिनिटांनी दारात येऊन विचारायचा, “एन री सर, आगतदो इल्लो?” होतंय की नाही, एवढाच त्याचा प्रश्न. माझाही तोच होता. मग शनिवारची टेप बाहेर काढली. तिची झडप बोटानं उघडून पाहिली तर आत कुंकवाचा बारीक थर. खंडेनवमीला कुणा भाविकानं नेमकं तिच्या उघड्या तोंडालाच बोट लावलं होतं. पहिल्या प्रयत्नात ‘वाचता येत नाही’. झडपेवर फुंकर मारली, कापसाला स्पिरिट लावून ड्राइव्हचं हेड पुसलं. कापूस गुलाबी झाला. दुसऱ्या प्रयत्नात टेप घूं करून फिरायला लागली.

या टेपचा एक स्वभाव असतो. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळते, तिथं क्षणभर थांबते आणि पट्टी बदलून उलटी पळत येते. अशा अठरा पट्ट्या. ऐकताना मला हुबळी-धारवाड बस आठवत राहिली. १९६२पासून दोन्ही गावांना महापालिका एकच, पण मधे वीस किलोमीटर. माणसं सकाळी या टोकाला, संध्याकाळी त्या टोकाला. पडद्यावर फायलींची नावं एकेक सरकत होती. धारवाड, हुबळी, धारवाड, हुबळी. मी मोजत होतो.

वाट बघताना मन भलतीकडं जातं. आमच्या धारवाडच्या मल्लिकार्जुन मन्सूरांची तालीम आठवली. आधी नीलकंठबुवांकडं ग्वाल्हेरची, मग मंजीखाँकडं जयपूर-अत्रौलीची. १९३७ साली मंजीखाँ गेले. एवढं घराणं गळ्यात उतरायला घेतलेलं, आणि मूळच नाहीसं. मन्सूर मग त्यांचे भाऊ बुर्जीखाँ यांच्याकडं गेले आणि तालीम पुढं चालू राहिली. अल्लादियाखाँसाहेबांची विद्या दोन मुलांच्या गळ्यात होती म्हणून ते जमलं. पण नुसती होती म्हणून नव्हे. त्या विद्येत शिष्याला रोज समोर बसवून ‘म्हणून दाखव’ म्हणतात. चुकलं की तिथल्या तिथं कळतं. आमच्या टेपला दोन वर्षांत कुणी ‘म्हणून दाखव’ म्हटलं नव्हतं. कुंकू मात्र दोनदा लागलं होतं.

ती म्हणाली, हे तिचं मोठेपण.

पुढचा गोंधळ माझ्या घाईचा. प्रत सीपीआयओ नावाच्या आज्ञेनं घेतलेली. तिच्यात फायलीच्या मालकाचं नाव नसतं, नुसता क्रमांक असतो. कुठला क्रमांक कुणाचा, याची यादी वेगळ्या फायलीत. ती आधी उतरवायची सोडून मी वापरणाऱ्यांची नावं हातानं नव्यानं भरली, आणि क्रम चुकला. मॅनेजरसाहेबांचा सगळा पत्रव्यवहार नव्यानं लागलेल्या मुलीच्या नावावर चढला. उताऱ्यावर भलत्याचं नाव लागलं की तलाठ्याकडं खेटे घालावे लागतात. इथं तलाठीही मीच होतो, म्हणून तासाभरात निभावलं.

मग सोमवारची टेप, मंगळवारची टेप. त्यांच्यावर त्या-त्या दिवशी बदललेलं तेवढंच, म्हणून क्रम मोडून चालत नाही. दोन्ही बिनबोभाट उतरल्या. बुधवारच्या टेपवर बुधवारच निघाला, पण दसऱ्याच्या आधीचा. उलटून पाहिली. या टेपांच्या कोपऱ्यात फिरवायची एक बारीक चकती असते, तिच्यावर बाण आणि शेजारी ‘सेफ’ असं कोरलेलं. बाण तिकडं वळवला की टेपवर नवं काही लिहिलंच जात नाही. दसऱ्याच्या साफसफाईत कुणीतरी तो वळवून ठेवला होता. सेफ म्हणजे चांगलंच असणार, दुसरं काय?

यंत्रानं मात्र हे लपवलं नव्हतं. प्रत फसली की ते रूटच्या, म्हणजे यंत्राच्या कारभाऱ्याच्या, नावानं पत्र टाकतं. टेपवरून उतरलेली रूटची पेटी उघडली तर तीनशेच्या वर पत्रं, एकही वाचलेलं नाही. त्यांत तीन बुधवारची तीन, एकाच मजकुराची. रूट म्हणजे अर्थातच मी. पुढं २०१७च्या ३१ जानेवारीला गिटलॅब या मोठ्या कंपनीत एका अभियंत्याच्या हातून चालू डेटाबेस पुसला गेला. तिथं प्रती ठेवायच्या पाच तऱ्हा होत्या, आणि वेळेला एकही धड निघाली नाही. रोजची प्रत मुळात निघतच नव्हती, आणि तशी खबर देणाऱ्या मेल वाटेतच नाकारल्या जात होत्या. शेवटी दुसऱ्याच कामासाठी सहा तास आधी हातानं काढलेली एक नक्कल कामी आली. ही हकीकत वाचली त्या दिवशी मी घरात दोन वेळा मोठ्यानं हसलो. बायकोनं कारण विचारलं नाही.

आमचा बुधवार मात्र कुठल्याच टेपवर नव्हता. मॅनेजरसाहेब खुर्चीत विरघळत चालले होते. तेव्हा हिशेबाच्या टेबलावरच्या अक्का उठल्या, डब्याच्या पिशवीमागून एक लांब, लाल बांधणीची वही काढली आणि माझ्यासमोर ठेवली. रोजकीर्द. कॉम्प्युटर आल्यावर वह्या बंद, असं परिपत्रक निघालं होतं. त्यावर अक्कांचीही सही होती.

“तम्मा, साहेबांना सांगू नको बघ,” साहेबांच्या देखतच अक्का म्हणाल्या.

त्या वाचत गेल्या, मी भरत गेलो. खाते क्रमांक, नाव, जमा, नावे. मधेच एखाद्या नावाशी थांबून त्या म्हणायच्या, हा आला तेव्हा छत्री विसरून गेला की, आणि कोपऱ्यातल्या छत्रीकडं बघायच्या. असली नोंद कुठल्याच फायलीत नव्हती. रात्री पावणेनऊला सगळं भरून झालं आणि अकरा रुपये जुळेनात. दोनदा बेरीज केली. तिसऱ्यांदा अक्कांनी वहीवर बोट ठेवलं. बुधवारी संध्याकाळी सगळ्यांनी गिरमिट खाल्लं होतं, ते त्यांनी किरकोळ खर्चात धरलं होतं आणि कॉम्प्युटरला सांगायचं राहिलं होतं.

पुढच्या खंडेनवमीला मी मुद्दाम गेलो. टंकयंत्र, तिजोरी, कुलपं, सर्व्हर, सहा टेपा, आणि त्यांच्या शेजारी उघडपणे ती लाल वही. अक्कांनी पहिलं बोट वहीला लावलं. मग टेपांकडं वळल्या, तेव्हा मी म्हटलं, “अक्का, झडपेवर नको हं.”

“पाठीवर लावते की,” अक्का म्हणाल्या.