साडेचारशे अंशांचा उत्साह

घरच्या घरी रेडिओ उघडणारा माणूस जावई पारखताना करणार नाही एवढी चौकशी सोल्डरिंग आयर्न घेताना करतो. लॅमिंग्टन रोडवरची दुकानं पालथी घालतो, 25 वॅट की 60 यावर हुज्जत घालतो आणि शेवटी आकडे दाखवणारं महागडं स्टेशनच उचलतो. 60/40 कथिल-शिशाची तार 190 अंशांच्या आसपास वितळते. आयर्न 350 वर ठेवलं तरी पुष्कळ. पण आकडा 450 पर्यंत जातो म्हटल्यावर पैसे वसूल नकोत करायला? मग बोर्डावरची तांब्याची पट्टी उखडते, बिट काळंठिक्कर पडतं. ते पॉलिश पेपरनं घासून लखलखीत केलं, की वरचा लोखंडी मुलामाही गेला! खरं तर ओला स्पंज आणि टोकावर कथिलाचा पातळ थर, एवढंच ते मागतं. पण स्पंज पडला फुकटचा. तो पाकिटातच शोभतो.