होय म्हाराजा, मान्य आहे!

ओरोसला माणूस दोनच कामांसाठी जातो. एक, कागद द्यायला. दुसरं, दिलेल्या कागदाचं पुढे काय झालं ते विचारायला. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा निघाला, मुख्यालय ओरोसला आलं आणि त्याचं सिंधुदुर्गनगरी असं नामकरण झालं. सरकारी पत्रांवर ते नाव आहे. एसटीत बसलेला माणूस अजून ओरोसचंच तिकीट मागतो.

२०२५ साली पालकमंत्री नितेश राणे यांनी सिंधुदुर्ग हा प्रशासनात कृत्रिम बुद्धिमत्ता वापरणारा देशातला पहिला जिल्हा असल्याचं जाहीर केलं. आम्हा सगळ्यांना आनंद झाला. बुद्धिमत्ता आली. रेंज तेवढी आमच्या वाडीत यायची आहे. ती सध्या वरच्या वडापर्यंत येते आणि तिथून परत जाते.

या वाडीत एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. गेल्या वर्षी त्यांची पंचाहत्तरी झाली, तेव्हा मुंबईच्या नातवाने नवा मोबाइल दिला आणि ऑनलाइन खरेदी शिकवली. गुरुजींची पहिली खरेदी होती कुकरची रिंग. रिंग आली, बसली, शिट्टीही झाली. पाच महिन्यांनी पासबुक भरून आणलं तेव्हा दर महिन्याला १४९ रुपये कुणीतरी नेत असल्याचं दिसलं. कंपनीच्या मते गुरुजी तिचे ‘खास सदस्य’ होते.

‘मी खय मेंबर झालंय?’ गुरुजी विचारत राहिले. आयुष्यात त्यांनी दोनच सभासदत्वं घेतलेली, पतपेढीचं आणि वाचनालयाचं. दोन्हीकडे अर्ज, फोटो आणि सूचकाची सही लागली होती. इथे चौकोनात बरोबरची खूण आधीच करून ठेवलेली होती. ती पुसायचं राहिलं, एवढाच त्यांचा अर्ज. पैसे कापायच्या २४ तास आधी ग्राहकाला कळवावं हा रिझर्व्ह बँकेचा नियमही पाळला गेला होता. कर्जाच्या, लॉटरीच्या आणि रमीच्या मेसेजांमध्ये तोही मेसेज इमानदारीने येऊन पडला होता.

या कलेला सरकारदरबारी नाव आहे. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ‘डार्क पॅटर्न’वरची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि अशा १३ युक्त्या नावानिशी मोजून दिल्या. न मागितलेली वस्तू टोपलीत सरकवणं, ‘शेवटचे २ नग’ अशी खोटी घाई करणं, किंमत थेंबाथेंबाने वाढवणं, वर्गणीच्या सापळ्यात अडकवणं, आणि नको म्हणणाऱ्याला लाजवणं. तिकिटाबरोबर विमा नको असेल, तर ‘नको, मला माझ्या कुटुंबाची पर्वा नाही’ अशा धाटणीचं बटण दाबावं लागतं, ते हे शेवटचं. गुरुजींनी यादी वाचली, तांबडी पेन्सिल घेतली आणि तेरापैकी चार युक्त्या एका रिंगेत सापडल्याचं सांगितलं.

मग या तेरा युक्त्यांचं झालं काय? जून २०२५मध्ये प्राधिकरणाने कंपन्यांना सांगितलं, तीन महिन्यांत आपली तपासणी आपणच करा. नोव्हेंबरात सरकारने कौतुकाने जाहीर केलं की २६ मोठ्या कंपन्यांनी, आमच्याकडे डार्क पॅटर्न नाहीत, अशी स्वघोषणा केली आहे. सव्वीस जणांनी स्वतःची झडती घेतली आणि सव्वीसच्या सव्वीस निर्दोष निघाले. ही पद्धत तालुक्याच्या पोलीस ठाण्यांना कळवायला हवी. तपासाचा केवढा ताण वाचेल!

पण गुरुजींनी संमती दिली होती, असं कंपनी म्हणते. संमतीतलं आम्हाला कुणी शिकवू नये. गावच्या देवळात गाऱ्हाणं घालतात, तेव्हा मानकरी देवापुढे एकेक गोष्ट मोठ्याने मांडतो आणि जमलेले लोक प्रत्येक वाक्यामागे ‘होय म्हाराजा’ म्हणतात. वाक्य ऐकल्याखेरीज होय नाही. मोबाइलवर होय म्हाराजा आधी, आणि गाऱ्हाणं कुणी वाचतच नाही. कंपनीच्या चाळीस पानांच्या अटी कुणी आमच्या भाषेत मोठ्याने घातल्या, तर काहीशा अशा होतील:

‘बा कंपनी म्हाराजा, आज ही लेकरां तुझ्या पायाकडे इली आसत. ह्येंचे फोटो, ह्येंचे नंबर, ह्येंच्या पाव्हण्यांचे नंबर, ही रात्री खय निजतत आणि सकाळी खय जातत, ता सगळा तुझ्या पदरात घातला. तू ता कोणाक दिलंस तरी आमची हरकत नाय.’

‘होय म्हाराजा!’

‘भांडाण झाला तर ता तुझ्याच गावात येवन मांडू. आणि तुझा काय चुकला-माकला, तर ता आमीच आमच्या पोटात घालू.’

‘होय म्हाराजा!’

यावर उतारा म्हणून ११ ऑगस्ट २०२३ रोजी डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला. कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर दीड वर्षाने, म्हणजे २०२७चे आंबे उतरत असताना लागू व्हायची. संमतीची सूचना आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कुठल्याही भाषेत मागता येईल, म्हणजे मराठीतही. सरकारी वळणाची मराठी असली, तर गुरुजी इंग्रजीच मागतील ही गोष्ट वेगळी.

या कायद्यातला दंड वाचून छाती फुगते: २५० कोटींपर्यंत! पुढचं वाचलं की ती पूर्ववत होते. दंड सरकारी तिजोरीत जातो. ज्याची माहिती फुटली त्याच्या वाट्याला त्यातला छदामही नाही. जुन्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात भरपाईचं ४३अ हे कलम होतं, ते या नव्या कायद्याच्या अंमलाबरोबर बाद व्हायचं आहे. शिवाय नागरिकांची कर्तव्यंही लिहून ठेवली आहेत. खोटी किंवा उथळ तक्रार केलीत, तर १० हजार रुपयांपर्यंत दंड, आणि तो मात्र तुम्हालाच. म्हणजे घर फुटलं तर दंड तिजोरीत, आणि घर फुटल्याची बोंब जरा उथळ वाटली तर तुमच्या खिशातून.

एका कलमाने मात्र दीड वर्षाची वाट पाहिली नाही. माहिती अधिकार कायद्यातलं ८(१)(ञ) बदलणारी तरतूद नियमांबरोबरच लागू झाली. व्यापक जनहित असेल तर वैयक्तिक माहिती देण्याची मुभा पूर्वी या पोटकलमातच होती; आता ‘वैयक्तिक माहिती’ एवढ्यावर उत्तर संपवता येतं. जनहिताची वाट ८(२)मध्ये शिल्लक आहे, पण ती अर्जदाराने शोधायची. नागरिकाची माहिती कंपनीपासून वाचवायला २०२७, आणि कार्यालयाची माहिती नागरिकापासून वाचवायला लगेच. कार्यालयांच्याच गावात राहणाऱ्यांना यात क्रम चुकल्यासारखं काही वाटणार नाही.

आता ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या आंब्याचं. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्यानंतर देवगड हापूस इतका वाढला की इंटरनेटवर तो देवगडात झाडाला मोहोर असतानाच पेटीत भरलेला दिसतो. शेवटी देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५च्या हंगामात प्रत्येक फळावर स्वतंत्र क्रमांकाचा, काढला की फाटणारा स्टिकर आणला. आंब्याने आता आपली ओळख पटवायची. विकणाऱ्या संकेतस्थळाला विचारावं तर ते म्हणतं, आम्ही फक्त मध्यस्थ. आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ७९वं कलम काही अटींवर मध्यस्थाला खरोखरच संरक्षण देतं. वाशीच्या मार्केटातला दलालही मध्यस्थच. पण पेटीत डाग निघाला, तर बागायतदार त्याला फोनवर चार शब्द ऐकवू शकतो आणि तो ते ऐकून घेतो. संकेतस्थळाने दलाली ठेवली, कान काढून टाकले.

मोबाइलवर माणूस खरेदीखेरीज बोलतोही; त्या हक्काबद्दल थोडक्यात. २०१२मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टसाठी अटक झाली. त्यातून पेटलेल्या वादात श्रेया सिंघल खटला उभा राहिला आणि २४ मार्च २०१५ला सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६अ हे कलमच रद्द केलं. तरी पुढची कितीतरी वर्षं पोलीस त्या कलमाखाली गुन्हे नोंदवत राहिले. २०२१मध्ये न्यायालयाने ते ऐकून आश्चर्य व्यक्त केलं. कोकणातल्या माणसाला मेलेलं काही फिरताना दिसलं, तर आश्चर्य वाटत नाही. आमच्या वाडीच्या ग्रुपचा ॲडमिन मात्र अजून टरकून असतो. सदस्याच्या आगाऊ पोस्टसाठी, संगनमत नसेल तर, ॲडमिन जबाबदार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१मध्येच सांगितलंय. हे त्याला कुणीतरी ग्रुपवर टाकलं. त्याने ते ‘फॉरवर्डेड’ म्हणून डिलीट केलं.

तर गुरुजींचे १४९. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं. पोच चार सेकंदांत आली. ‘नमस्कार! मी आपली कशी मदत करू?’ गुरुजींनी शुद्ध मराठीत दोन परिच्छेद लिहिले. ‘क्षमस्व, मला समजलं नाही. कृपया खालीलपैकी एक पर्याय निवडा.’ पर्याय होते: माझी ऑर्डर कुठे आहे, नवीन ऑफर, आणि सदस्यत्वाचे फायदे.

१९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली, तेव्हा भेसळ करणारा वाणी निदान गल्ल्यावर बसलेला दिसायचा. आता दिसत कुणीच नाही. पण कायद्याने एक काम चोख केलंय आणि त्याचा गवगवा फारसा झालेला नाही. २० जुलै २०२०पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या ३४व्या कलमानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्याच जिल्हा आयोगात दावा लावता येतो. कंपनी बेंगळुरूची असो की गुरुग्रामची, तिने ओरोसला यायचं. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. वकील हवाच असंही नाही.

‘दीडशे रुपयांसाठी ओरोसाक कोण जातलो?’ वाडीतल्या प्रत्येकाने गुरुजींना हेच विचारलं. माझ्या मते भारतातला अर्धा ऑनलाइन धंदा या एका प्रश्नावर चालतो. विजयदुर्गचा माणूस, दोडामार्गचा माणूस, देवबागचा होडीवाला: प्रत्येकाच्या मनात ओरोसला जाऊन यायची एक किंमत असते. एसटीचं तिकीट, कसाल फाट्यावर चहा-वडा, बुडालेला रोज. जेवण पोचवणाऱ्या कंपन्यांची प्लॅटफॉर्म फी २०२३ साली २ रुपयांपासून सुरू झाली आणि दोन वर्षांत दहाच्या पुढे गेली. कुणी कोर्टात जाईल इतकी मोठी ती कधीच होणार नाही. लुबाडणूक ओरोसच्या तिकिटाखाली ठेवली की कायदा कितीही कडक असू दे. ही किंमत काढायला कृत्रिम बुद्धिमत्ता वापरत असतील, तर ती वाया गेलेली नाही.

गुरुजींनी आधी ग्राहक तक्रारींच्या ई-जागृती पोर्टलवर प्रयत्न केला. ओटीपी वडाखाली येतो, कागदपत्रं घरात असतात. वडाखालून घरी येईपर्यंत ओटीपीची मुदत संपते. मग त्यांनी रीतसर कागद लिहिला, पासबुकाच्या झेरॉक्स जोडल्या आणि ओरोसला जाऊन देऊन आले.

कंपनीला नोटीस गेली आणि पहिल्यांदाच एका जिवंत माणसाचा मेल आला. ७४५ रुपये परत, वर २०० रुपयांचं कुपन (९९९ रुपयांपुढच्या खरेदीवर, एका महिन्यात वापरल्यास), आणि तक्रार मागे घ्यावी ही विनंती. गुरुजींनी उत्तर दिलं नाही. मला म्हणाले, ‘माका पैशे नको. त्यांचो माणूस ओरोसाक येवक व्हयो.’

तो येणार नव्हताच. त्यांच्या वकिलाने व्हिडिओवरून हजर राहायची परवानगी मागितली आणि कायद्यात तशी सोय आहे. गुरुजींनाही ती मिळाली असती, पण वडाखालून सुनावणीला हजर राहणं त्यांच्या पेशाला शोभलं नसतं. नोटीस पोचल्यापासून तीन महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा, असं कायदा म्हणतो. पहिली तारीख पुढे गेली. दुसरीही गेली. कंपनीचे वकील पडद्यावर शांत होते. या म्हाताऱ्याला किती खेपा परवडतील, याचा हिशोब त्यांच्याकडे तयार असणार.

त्या हिशोबात एक गोष्ट राहून गेली. ऑगस्ट २०२२पासून महाराष्ट्रात ७५ वर्षांवरच्या माणसाला एसटी फुकट आहे.

‘माका तिकीट खय लागता?’ गुरुजी म्हणतात. ‘दर तारखेक जातलंय.’ चहा ते घरून थर्मासमधून नेतात. पुढच्या तारखेला सकाळच्या गाडीत त्यांच्या शेजारच्या सीटवर पलीकडच्या वाडीतल्या एक आजी असतील. वय ८१. त्यांच्या फोनवर कुणीतरी न विचारता कॉलर ट्यून लावून दिली आहे, महिना ३६ रुपये, आणि त्यांना ती ट्यूनही आवडलेली नाही.