आधी आद्याक्षरं, मग उड्डाण

हौशी विमान क्लबाने घरी विमान बांधणाऱ्यांनाच धरून राहावं का, यावर अमेरिकेत कुरकुर चालते. तिथली ईएए ही संघटना 1953 साली अशा खटपट्यांसाठीच निघाली. आता तिच्या जत्रेत तयार विमानवाल्यांचाही थाट. आपल्याकडे भांडायला क्लब तर हवा! इथे बांधणारा एकटा, टाळ्या वाजवणारे शंभर.

कॅप्टन अमोल यादवांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. 2016 च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते झळकलं. नोंदणी मिळाली 2017 मध्ये, व्हीटी-एनएमडी. त्यातले एनएम म्हणजे नरेंद्र मोदी, डी म्हणजे देवेंद्र फडणवीस. इंजिन कितीही अश्वशक्तीचं असो, फाइल हलते ती आद्याक्षरांवर. उड्डाणाचा परवाना मात्र 2019 ला.

यवतमाळच्या फुलसावंगीत 2021 मध्ये एका तरुण कारागिराचा घरी बनवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना पातं तुटून जीव गेला. ‘थांब गड्या, आधी पातं तपासू’ म्हणणारा क्लब नव्हता. श्रद्धांजलीचे फलक तेवढे वेळेत.

उद्या देऊळघाटसारख्या गावात असा क्लब निघाला, तर ट्रॅक्टरचा तुटका नांगर तासाभरात जोडणारा वेल्डर सभासद होईल का? अर्ज भरावा. अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि सत्कार समिती सोडून जागा उरली तर बघू.