चाल कुणाची?

जावेचा हार घालून लग्नाला गेलेली बाई ‘हार जावेचा आहे’ अशी पाटी गळ्यात अडकवत नाही. आपल्या नाटककारांनी मात्र अडकवली. जुन्या संगीत नाटकाचं पुस्तक उघडा, पदाच्या डोक्यावर ‘चाल’ छापलेली असते. म्हणजे हे पद कुठल्या गाण्यावरून उचललंय त्याचा राजरोस कबुलीजबाब. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं, तेव्हा कण्वाच्या आश्रमात साक्या-दिंड्या तर आल्याच, पण कर्नाटकी चाली आणि लावणीचं वळणही मागच्या दाराने शिरलं. १९१६ च्या ‘स्वयंवरा’साठी भास्करबुवा बखल्यांनी थेट ख्यालाच्या बंदिशी आणल्या. रंगमंचावर रुक्मिणीचं हरण आणि पेटीवर बंदिशींचं! प्रेक्षक वन्समोअर देत बसले.

आज ही परंपरा कुणी टिकवली असेल तर बायकांच्या भजनी मंडळांनी. आमच्या सोसायटीच्या मंडळात मी पेटीवर असतो, म्हणजे काकू नेतील तिकडे बोटं नेतो. काकूंची वही जाडजूड, प्लॅस्टिकच्या कव्हरातली, पानापानावर हळदीची बोटं. वर ‘श्री’, खाली अभंग आणि उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात चाल. त्या कोपऱ्यात मी लताबाई पाहिल्यात, दादा कोंडके पाहिलेत आणि एका अभंगावर तर चक्क हेलनचा कॅबरे.

‘‘काकू, हे विठोबाला चालेल?’’

‘‘न चालायला काय झालं? त्याचे हात आधीच कमरेवर आहेत.’’

खरं तर फूस अभंगाचीच आहे. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अशी २२ अक्षरं. साचा एकच, त्यामुळे एकाची चाल दुसऱ्याला बिनबोभाट बसते. सिनेमाच्या गाण्याला हा हिशेब ठाऊक नसतो. मग जागा उरली की काकू तिथे ‘गं बाई’ भरतात. तुकोबांच्या गाथेत नसतील इतके ‘गं बाई’ आमच्या एका एकादशीत होतात.

मंगलाष्टकांना खरं म्हणजे असली मोकळीक नाही. शार्दूलविक्रीडित वृत्त, चरणाला १९ अक्षरं, बाराव्यावर थांबा. पण माइक हातात आला की मुलीच्या आत्याला वृत्त आठवत नाही, नाट्यसंगीत आठवतं. आमच्याच सोसायटीतल्या एका लग्नात आत्याबाई तानेत शिरल्या त्या बाहेरच येईनात. मुठीतल्या अक्षता घामाने चिकटल्या, अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आले, मुहूर्त दाराशी येऊन ताटकळला. अखेर गुरुजींनीच मध्ये ‘सावधान’ म्हटलं. ते वधूवरांना होतं की आत्याबाईंना, यावर पंगतीत दोन तट पडले.

त्याच लग्नाच्या वरातीत बँडवाल्यांनी हेलनचं ते गाणं धरलं. नवऱ्याचे मित्र तोंडात रुमाल धरून रस्त्यावर लोळू लागले. आमच्या मंडळातल्या बायकांनी डोक्यावर पदर घेतले, दोघींनी तर हातही जोडले. काकू डोळे मिटून टाळ्यांचा ठेका धरत माझ्या कानाशी म्हणाल्या,

‘‘अभंग छान बसवलाय हो यांनी. लय तेवढी जरा चढी घेतलीये.’’